ट्रॅव्हर्सच्या दिवशी 200 डॉलर: घोडे कसे निवडू, पैसे कुठे लावू?

नवा_गडी

नमस्कार मंडळी. यंदा ट्रॅव्हर्सच्या, म्हणजे ऑगस्टमधल्या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या शनिवारी आम्ही चौघे मित्र न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या ट्रॅकवर चाललोय. मी आजवर रेस टीव्हीवरच पाहिली, तीही फक्त डर्बी आणि बेलमाँट. तिकिटं काढून झाली, आता अभ्यासाला बसलोय आणि डोकं गरगरतंय. एका दिवसात बारा-तेरा रेस, त्यातल्या बऱ्याचशा स्टेक्स (मोठ्या बक्षिसाच्या, वरच्या दर्जाच्या रेस), आणि प्रत्येक घोड्याच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आकड्यांच्या रांगा.

दिवसाचे 200 डॉलर बाजूला काढलेत. गेले तर गेले, त्याची तयारी आहे. पण डोळे मिटून घालवायचे नाहीत.

सराव म्हणून गेल्या शनिवारच्या तीन स्टेक्स निकाल न बघता कागदावर सोडवल्या. तिन्हींत सगळ्यात मोठी स्पीड फिगर (वेगाचा आकडा) असलेला घोडा घेतला. तिन्ही वेळा तोच फेवरिट, म्हणजे लोकांनी सगळ्यात जास्त पैसे लावलेला घोडा, निघाला. त्यातला एक जिंकला, त्याचे 2 डॉलरला 3.40 मिळाले. म्हणजे 6 डॉलर लावून 3.40 हातात. मग हा अभ्यास करायचा तरी कसा? मित्र म्हणतो विन-बिन (नुसता जिंकणारा घोडा ओळखणं) सोड, सगळीकडे ट्रायफेक्टा बॉक्स (पहिले तीन घोडे, कोणत्याही क्रमाने) कर आणि पिक 4 (लागोपाठच्या चार रेसचे विजेते) खेळ, मोठा पैसा तिथेच आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.


आकडेमोड

फिगर टाकून देऊ नका, फक्त ती काय सांगते ते समजून घ्या. 1992 पासून डेली रेसिंग फॉर्म या रेसच्या वर्तमानपत्रात छापून येणारी बेयर फिगर म्हणजे घोड्याची वेळ, त्या दिवशी ट्रॅक किती जलद किंवा संथ होता ते वजा-जमा करून काढलेली. सात फर्लांगच्या रेसमध्ये (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) एक लेंथ, म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर, साधारण दोन आकड्यांचं. तेव्हा 104 आणि 101 यांच्यात अंतर दीड लेंथचं. आणि वळणावर कुंपणापासून एकेक घोडा बाहेरून पळालं की साधारण लेंथभर जमीन जास्त कापावी लागते. म्हणजे गेल्या वेळी 101 वाला तिसऱ्या रांगेतून वळला असेल तर तो 104 वाल्यापेक्षा कमी नाही. स्टेक्समध्ये तीन-चार आकड्यांच्या फरकावर पैसे लावणारे हीच चूक करतात.


जुनी_वही

तुमचा तो 6 लावून 3.40 चा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी पंचवीसेक उन्हाळे साराटोगाला जातेय, आणि तुम्हाला एका शनिवारी जे दिसलं ते कळायला मला तीन उन्हाळे लागले.

स्टेक्सच्या दिवशी चांगला घोडा शोधायचा नसतो. तो सगळ्यांना माहीत असतो. क्लेमिंगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या, जिथे घोडे ठरल्या किमतीला विकत घेता येतात अशा रेसमध्ये एखादा दुखरा असतो, एखादा चुकीच्या अंतरावर आणलेला असतो, तिथे ‘चांगला कोण’ हा प्रश्न कामाचा. ग्रेड वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या स्टेक्समध्ये, सगळेच फॉर्मात, सगळ्यांचे ट्रेनर नावाजलेले, जॉकी वरच्या फळीतले. तिथे मी दोनच गोष्टी विचारते: ही रेस पळणार कशी, आणि मिळणारा भाव त्या मानाने पुरेसा आहे का.

पहिलीचं उत्तर असं काढते. प्रत्येक रेसच्या पानावर सगळ्यात आधी, फिगर न बघता, नंबरापुढे एक अक्षर लिहिते. ‘पु’ म्हणजे पुढेच पळणारा, पुढे नसेल तर मन लावून न पळणारा. ‘ल’ म्हणजे पुढच्याच्या लगत बसणारा. ‘मा’ म्हणजे मागून येणारा. यासाठी घोड्याच्या शेवटच्या तीन-चार रेसमध्ये पहिल्या पाव मैलाला तो कितवा होता आणि पुढच्याने तो पाव मैल किती सेकंदांत काढला, एवढंच बघायचं. बारा रेसना मला तासभर लागतो, तुम्हाला पहिल्यांदा तीन तास लागतील.

मग ‘पु’ मोजायचे. एकच ‘पु’ असेल तर त्याला हात लावायला कोणी नाही, तो आपल्या मर्जीने दम राखत पळतो. 2002 च्या केंटकी डर्बीत वॉर एम्ब्लेमला असंच मोकळं सोडलं होतं. पहिला अर्धा मैल त्याने 47 सेकंदांच्या थोडा वर काढला, डर्बीच्या मानाने सावकाश, आणि 20-1 च्या भावाने (एका डॉलरवर वीसचा नफा) सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढेच राहून जिंकला. उलट टोक 2022 चं. तिथे पुढे जायला चढाओढ लागली, पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत गेला, डर्बीच्या इतिहासातला सर्वांत जलद. अर्धा मैल 45.36. शेवटी पुढच्यांच्या पायात काही उरलं नाही आणि आदल्या दिवशी दुसऱ्या घोड्याचं नाव मागे घेतलं म्हणून आत शिरलेला रिच स्ट्राइक आतल्या बाजूने सगळ्यांना ओलांडून गेला. 80-1. रिच स्ट्राइक सगळ्यात चांगला घोडा होता असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी रेस ज्या रीतीने पळाली त्या रीतीला तो बेतलेला होता.

साराटोगाला तर ही गोष्ट जमिनीतच मुरलेली आहे. 1919 मध्ये मॅन ओ’ वॉर आयुष्यात एकदाच हरला, तो इथे, अपसेट नावाच्या घोड्याकडून. 1973 मध्ये नावाजलेला सेक्रेटेरिएट इथल्याच व्हिटनी रेसमध्ये ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला. आणि ट्रॅव्हर्सपुरतं बोलायचं तर 1930 बघा. तिहेरी मुकुट (डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेस एकाच वर्षी) जिंकलेला गॅलंट फॉक्स आणि व्हिचवन, दोघे चिखलात एकमेकांच्या अंगावर जाऊन झुंजत राहिले आणि 100-1 चा जिम डँडी जिंकून गेला. दोन ‘पु’ एकमेकांना खातात, तिसऱ्याचं फावतं. ते पान आजही तसंच्या तसं परत परत येतं.

2015 ला मी तिथे होते. अमेरिकन फेरोने 37 वर्षांनी तिहेरी मुकुट आणला होता, लोक लहान पोरांना खांद्यावर घेऊन आले होते. मी सरळ पट्टा जिथे सुरू होतो तिथल्या कुंपणापाशी उभी. फेरो पुढे, आणि फ्रॉस्टेड त्याच्या अंगाला अंग लावून. मागच्या पट्ट्यापासून वळण संपेपर्यंत फ्रॉस्टेडने त्याला श्वास घेऊ दिला नाही. दोघे माझ्यासमोरून गेले तेव्हा फेरोचे कान मागे सपाट पडलेले होते. मोकळा पळताना त्याचे कान पुढे-मागे हलायचे, हे मी त्याच्या आधीच्या रेसमध्ये पाहिलं होतं. त्याने फ्रॉस्टेडला परतवलं. आणि मग बाहेरून कीन आइस आला, 16-1, जो डर्बी, बेलमाँट आणि हॅस्केल अशा तिन्ही ठिकाणी फेरोकडून हरला होता. पाऊण लेंथने जिंकला. माझ्या आजूबाजूला एकदम शांत झालं. मला आजही त्या फेरोबद्दल वाईट वाटतं, तो खरोखर मनापासून पळाला.

माझ्या पानावर कीन आइससमोर ‘मा’ होतं. फ्रॉस्टेडसमोर मी ‘ल’ लिहिलं होतं आणि तो फेरोला इतका लवकर भिडेल असं धरलं नव्हतं. म्हणून मी कीन आइस लावला नाही. अक्षरं नुसती लिहून भागत नाही, जॉकीला आज काय करावंसं वाटेल याचा विचार करावा लागतो.

आता अंतर. ट्रॅव्हर्स दहा फर्लांगची. ऑगस्टमध्ये तीन वर्षांच्या बहुतेक घोड्यांनी नऊपर्यंतच पळून पाहिलेलं असतं. म्हणून मी त्यांच्या नऊ फर्लांगच्या रेसमधला शेवटचा फर्लांग काढते. 13 सेकंदांच्या आत आला असेल तर दहावा फर्लांग झेपेल असं धरते. 13.5 लागले असतील तर पुढून कितीही झोकात पळत असला तरी नाही. आणि ज्या घोड्याच्या फिगर चढत्या आहेत, रेस थोड्याच झाल्यात, त्याला नावाजलेला नाही म्हणून बाद करू नका. 2016 चा ॲरोगेट आयुष्यातली पहिलीच स्टेक्स पळत होता, भाव 11-1 च्या वर. त्याने पहिल्या नंबरच्या गेटमधून निघून साडेतेरा लेंथने ट्रॅव्हर्स मारली, 1 मिनिट 59.36 सेकंदांत, ट्रॅकचा विक्रम मोडून.

पैशांचं उद्या लिहिते. हात दुखला.


पॅडॉकपाशी

वरचं सगळं मान्य. मी दोन वर्षं पागेत काम केलंय, म्हणून कागदावर न दिसणारं थोडं सांगतो. साराटोगाचा पॅडॉक (रेसच्या आधी घोड्यांवर खोगीर घालून त्यांना फिरवतात ती जागा) झाडांखाली आहे आणि घोडे लोकांच्या मधूनच चालत येतात, इतक्या जवळून बघायला फार कमी ठिकाणी मिळतं.

घाम बघून घाबरू नका, ऑगस्टात सगळेच घामेजतात. एकटाच घोडा भिजलेला असेल, मागच्या दोन पायांमध्ये पांढरा फेस आला असेल आणि शेपूट सारखी आपटत असेल, तर त्याची अर्धी रेस पॅडॉकमध्येच झाली असं समजा. चाल बघा. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतोय का? पडत असेल तर अंग मोकळं आहे. पाऊल आखडून टाकत असेल तर मी पैसे लावत नाही, नाव कितीही मोठं असो. आणि शक्य असेल तर त्याच घोड्याची आधीच्या रेसची पॅडॉकमधली चित्रफीत बघून जा. काही घोडे नेहमीच नाचतात, त्यांचं नाचणं काहीच सांगत नाही. एरवी नाचणारा आज मेंढरासारखा मान खाली घालून चालतोय, हे मात्र खूप काही सांगतं.

आणखी एक. न्यूयॉर्कच्या स्टेक्समध्ये रेसच्या दिवशी लॅसिक्स (पळताना फुप्फुसात रक्तस्राव होऊ नये म्हणूनचं औषध) देत नाहीत. साध्या रेस लॅसिक्स घेऊन जिंकलेला घोडा पहिल्यांदाच स्टेक्समध्ये येत असेल तर त्याच्या ओळीतलं ते ‘एल’ अक्षर नजरेत असू द्या.


जुनी_वही

पॅडॉकवाल्या दादांनी खुराच्या ठशाचं सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. या वेळी बघीन.

आता पैसे. तिथे तुम्ही कोणा मालकाविरुद्ध खेळत नाही, बाकीच्या लोकांविरुद्ध खेळता. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, ट्रॅक आपला वाटा आधी काढून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. तो वाटा विनमध्ये सुमारे 16 टक्के, ट्रायफेक्टात जवळजवळ चौथा हिस्सा. म्हणजे तुमचा मित्र ज्याला मोठा पैसा म्हणतोय तिथे शंभरातले चोवीस गेट उघडण्याआधीच गेलेले असतात. चार घोड्यांचा ट्रायफेक्टा बॉक्स म्हणजे 24 जुळण्या, 50 सेंटने 12 डॉलर. त्या 24 पैकी निम्म्या तरी तुमच्या स्वतःच्या मताविरुद्ध असतात. जो घोडा तुम्हाला जिंकेलसं वाटतं त्याला तिसरा धरूनही तुम्ही पैसे भरता.

पिक 4 मी खेळते, पण एकदा जी चूक केली ती परत नाही. चारही रेसमध्ये तीन-तीन घोडे घेतले. 81 जुळण्या, 40 डॉलर 50 सेंट. चारही बरोबर आले. मी तिकीट घट्ट धरून खिडकीपाशी गेले, मिळाले 38 डॉलर. चारही फेवरिट जिंकले होते. चारपैकी चार बरोबर येऊन मी अडीच डॉलरने हरले होते. त्या दिवसापासून एका तरी रेसमध्ये एकच घोडा घेते, आणि फेवरिट मनापासून नकोसा असेल अशी एक तरी रेस असल्याशिवाय पिक 4 काढत नाही.

भावाचं वहीतलं एक पान दाखवते, त्याने जास्त कळेल. सात फर्लांगची स्टेक्स, आठ घोडे. 2, 5 आणि 6 समोर ‘पु’. 7 समोर ‘ल’. बाकी 1, 3, 4, 8 ‘मा’. फेवरिट 5 नंबर. तीन ‘पु’ म्हणजे अर्धा मैल 45 च्या आत जाणार असं मी धरलं. मग प्रत्येकाला जिंकण्याची शक्यता लिहिली, बेरीज शंभर होईल अशी:

5 ला 30, 7 ला 25, 2 ला 12, 6 ला 10, 1 ला 9, 3 ला 6, 4 ला 5, 8 ला 3.

30 टक्के म्हणजे 5 नंबरचा भाव मला निदान अडीच-एकच्या आसपास हवा. बोर्डावर (ट्रॅकवरच्या भाव दाखवणाऱ्या फलकावर) होता 6-5, म्हणजे लोकांच्या मते 45 टक्के. 7 नंबर मला 3-1 ला परवडत होता, बोर्डावर 6-1. बघा, माझ्या मतेही सगळ्यात चांगला घोडा 5 नंबरच होता. तरी पैसे 7 वर लावले, 40 डॉलर विन.

अर्धा मैल 44.6 ला गेला. 5 दमला, चौथा आला. 7 ने दोनशे यार्ड उरले असताना आघाडी घेतली आणि अगदी शेवटी आतून 1 नंबर आला, मानेच्या फरकाने. माझे 40 गेले. पानावर खाली मी लिहिलंय, ‘1 ला 9 कमी दिले, आतला गेट आणि तीन पु, 14 द्यायला हवे होते.’ बेट बदलायची असं लिहिलेलं नाही. तसंच पान आणि 6-1 पुन्हा मिळाले तर पुन्हा 40 लावीन.

तुमचे 200 मी असे वाटले असते. सगळ्या रेसमधून फक्त तीन निवडायच्या, जिथे तुमच्या अंदाजाच्या निदान दीडपट भाव मिळतोय. तिथे प्रत्येकी 40 विन, झाले 120. त्याच तीन रेसमध्ये आपला घोडा वर आणि दोन घोडे खाली असा एक्झॅक्टा (पहिला आणि दुसरा घोडा, त्याच क्रमाने), प्रत्येकी 5 चे दोन, म्हणजे 30. एक पिक 4, एका रेसमध्ये एक, बाकीच्यांत तीन, चार, चार. 48 जुळण्या, 24 डॉलर. उरले 26. ते खिशातच राहू द्या, शेवटच्या रेसला हरलेले वसूल करायला काढायचे नाहीत. बाकीच्या रेस नुसत्या बघा. नुसत्या बघितलेल्या रेसमध्येच मला सगळ्यात जास्त दिसलंय.


आकडेमोड

ताई, तुमच्या पानावर मी जुनाच आक्षेप घेतो. 25 टक्के कुठून आले? 20 का नाही? तुमच्या त्या आकड्यामागे गणित नाही, अंदाज आहे. बोर्डावरचा भाव हजारो लोकांनी मिळून ठरवलेला असतो, आणि तो एकंदरीत बराच अचूक असतो. फेवरिट साधारण तीन रेसमध्ये एक जिंकतात, 50-1 वाले क्वचितच. एका माणसाची वही त्या सगळ्यांपेक्षा शहाणी कशी?


जुनी_वही

एकंदरीत शहाणी नाहीच. म्हणून तर तेरापैकी दहा रेस सोडते. दहा रेसमध्ये माझे टक्के आणि बोर्डाचे टक्के जवळपास सारखेच येतात, तिथे ट्रॅकचा वाटा भरण्याखेरीज काही होणार नाही. आणि तुमचं 20 घेऊन बघा: 20 टक्के म्हणजे 4-1, बोर्डावर 6-1. तरीही लावण्यासारखाच होता. म्हणूनच दीडपट म्हणते, माझ्या अंदाजातल्या चुकीला तेवढी जागा सोडलेली आहे. 15 असते तर लावला नसता.

शिवाय मोठ्या दिवशी पूलमध्ये वर्षातून एकदाच येणाऱ्यांचे पैसे खूप असतात. ते वाईट खेळतात असं नव्हे, ते ऐकलेल्या नावावर खेळतात. डर्बीत टीव्हीवर दिसलेला घोडा ट्रॅव्हर्सला त्याच्या लायकीपेक्षा कमी भावात असतो. तेवढाच फरक मिळतो, आणि तो एखाद्या-दुसऱ्या रेसमध्येच.

तुमचा आक्षेप मला दरवर्षी उपयोगी पडतो हेही सांगते. गेल्या वर्षी तुम्ही विचारल्यावर मी माझ्या 25 टक्केवाल्या सगळ्या घोड्यांची मोजदाद केली. साठ घोडे होते, जिंकले तेरा. म्हणजे माझे 25 प्रत्यक्षात 22 च्या आत आहेत. तेव्हापासून तसे धरते.


नवा_गडी

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री त्याच शनिवारच्या तीन रेस पुन्हा काढल्या आणि पु-ल-मा लिहिलं. एकीत फेवरिट धरून चार ‘पु’ निघाले, आणि ती रेस मागून येणाऱ्यानेच मारली होती! फिगरमध्ये तो पाचवा होता, मी त्याची ओळ वाचलीही नव्हती.

दोन शंका. पाऊस पडला तर? आणि सुरुवातीच्या रेस बघून ट्रॅकबद्दल काही कळतं का?


जुनी_वही

पाऊस पडला तर सगळी पानं नव्याने. गवतावरच्या काही रेस डर्टवर (मातीच्या ट्रॅकवर) हलवतात, निम्मे घोडे माघार घेतात, ग्रेडची रेस असेल तर तिची ग्रेड आपोआप एक पायरी खाली येते. स्वोर्ड डान्सरसारखी गवतावरची दीड मैलाची रेस डर्टवर आली तर मी ती पूर्ण सोडते, तिथे माझी अक्षरं काहीच सांगत नाहीत. चिखलात ‘मा’ वाल्यांच्या तोंडावर पुढच्यांच्या खुरांचा चिखल उडतो, काही घोडे तो सोसत नाहीत. आधी चिखलात पळालाय का, एवढं तरी ओळीत बघा. सकाळी निघण्यापूर्वी माघारीची यादी बघायची आणि एखादा ‘पु’ गेला असेल तर त्या रेसचं पान खोडून परत लिहायचं. तीनचे दोन ‘पु’ झाले की रेस बदलते, दोनचा एक झाला तर पूर्णच बदलते.

ट्रॅकचं म्हणाल तर डर्टवरच्या पहिल्या तीन रेस होईपर्यंत काही ठरवू नका. जिंकणारे सगळे कुंपणालगत पुढून पळणारे असतील तर आधी विचारा, ते कागदावरही तसेच जिंकायचे होते का? असतील तर ट्रॅकने काही केलं नाही. कागदावर दमायला हवा होता असा घोडा टिकला, तोही दोनदा, तर मग खूण करा. फोरगो, बॅलेरिना आणि जर्केन्स या तिन्ही सात फर्लांगच्या असतात आणि अलीकडे त्याच दिवशी होतात. तिन्हींच्या पाव-पाव मैलाच्या वेळा एकाखाली एक लिहा. त्या दिवशी ट्रॅक कसा होता ते ट्रॅव्हर्सच्या आधी तुम्हाला त्या तीन ओळींत दिसेल.


नवा_गडी

सरावाची आणखी एक रेस सोडवली, बघाल का? नऊ फर्लांग, सात घोडे. ‘पु’ 1 आणि 4, ‘ल’ 2 आणि 6, ‘मा’ 3, 5, 7. मी 6 ला 28 टक्के दिले. 2 ला ‘ल’ दिलंय पण खात्री नाही. तो गेल्या वेळी पहिल्या पाव मैलाला सहावा होता, त्याआधी तीन वेळा पहिला.


जुनी_वही

गेल्या वेळच्या ओळीच्या शेवटी शेरा वाचा, अगदी उजवीकडे, बारीक अक्षरांत. गेटवर अडखळला असं असणार. तीन वेळा पहिला पळालेला घोडा मनाने सहावा राहत नाही. 2 नंबर ‘पु’ आहे. म्हणजे तुमचे ‘पु’ तीन झाले. 6 चे 28 राहू द्या, 1 आणि 4 चे थोडे काढून मागून येणाऱ्यांपैकी नऊ फर्लांगवर शेवटचा फर्लांग ज्याने 13 च्या आत काढलाय त्याला द्या. मग बोर्डावरचा भाव बघा आणि इथे कळवा.